वाडगं आपलं, मधलं सगळ्यांचं: चिनी घरी पहिल्यांदा जेवायला जाताना

घरात माणसं किती, हे चिनी भाषेत विचारताना शब्दशः 'तोंडं किती' असं विचारतात: 'नी ज्या यौ जी खौ रन?' यातला 'खौ' म्हणजे तोंड. आपणही घरातली खाणारी तोंडं मोजतोच. भाऊ वेगळे झाले की आपल्याकडे चुली वेगळ्या होतात. चिनी खेड्यांतही घराची वाटणी झाली हे वेगळ्या मांडलेल्या चुलीवरून कळायचं. एका चुलीवरचं खातात ते एक कुटुंब, इथपर्यंत दोन्ही समाजांचं जमतं. अडचण येते ती जेवायला बसल्यावर. आपल्या पंगतीत प्रत्येकाचं पान वेगळं, आणि एकाच्या पानातलं दुसऱ्याला चालत नाही. चिनी टेबलावर पानच नसतं. मधे ठेवलेलं सगळं सगळ्यांचं. आपलं म्हणावं असं फक्त भाताचं वाडगं. पुढे सांगितलेले बहुतेक नियम या एका गोष्टीतून निघतात.

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी चीनमध्ये, सिंगापूरला, मलेशियात गेलेल्या मराठी माणसाला कधी ना कधी असं बोलावणं येतं. आलं तर टाळू नका. नव्या ओळखीच्या माणसाला चिनी यजमान सहसा हॉटेलात नेतात. घरी बोलावलं याचा अर्थ त्यांनी तुम्हाला बरंच जवळचं मानलं आहे.

टेबलावर काय काय असतं

चिनी जेवणाचे दोन भाग असतात: 'फान' आणि 'त्साय'. फान म्हणजे पोट भरणारं धान्य, म्हणजे भात, नूडल्स किंवा मानथौ हा वाफवलेला पाव. छिनलिंग डोंगररांग आणि ह्वाय नदी यांच्या दक्षिणेला भात, उत्तरेला गहू, अशी ढोबळ वाटणी आहे. त्साय म्हणजे बाकी सगळं: भाज्या, तोफू, मासे, मटण. फान प्रत्येकाला वेगळं मिळतं, त्साय मधे राहतं. आपण भातावर आमटी ओतून कालवतो, तसं सगळं एकत्र कालवून घ्यायचं नसतं. एका वेळी एका पदार्थाचा एक-दोन घास, तो वाडग्यातल्या भातावर टेकवायचा आणि भाताबरोबर खायचा.

रोजच्या पाहुण्याला चार त्साय आणि एक सूप पुरतं. जास्त माणसं असली तर जितकी माणसं तितके पदार्थ आणि वर एक सूप, असा हिशेब करतात. सणाला आठ किंवा दहा. प्रत्येकासमोर एक वाडगं, एक छोटी बशी, एक चिनी मातीचा चमचा आणि चॉपस्टिक्सची जोडी असते. बशी काटे, हाडं, सालं टाकण्यासाठी. नवखा माणूस हमखास त्या बशीत भाजीचा ढीग वाढून घेतो आणि मग काटे कुठे टाकायचे असा प्रश्न पडतो.

हे एकत्र खाणं अनादि काळापासूनचं आहे असं मात्र नाही. थांग घराण्याच्या काळाच्या (६१८–९०७) सुरुवातीपर्यंत लोक चटईवर बसून, समोरच्या बुटक्या चौरंगावर आपापलं वेगळं जेवत. आपल्या पाट-चौरंगाच्या पंगतीसारखंच. खुर्च्या आणि उंच टेबलं रुळत गेली तशी माणसं एका टेबलाभोवती आली, आणि सोंग काळापर्यंत (९६०–१२७९) मधलं वाटून खाण्याची रीत पक्की झाली.

बोलावणं आलं की आधी करायच्या गोष्टी

शाकाहारी असाल तर त्याच क्षणी सांगा. टेबलावर बसल्यावर सांगितलंत तर यजमानांची दिवसभराची मेहनत वाया जाते आणि त्यांना अतिशय लाज वाटते. 'वो छ्र सू' म्हणजे 'मी शाकाहारी खातो'. पण एवढ्यावर थांबू नका. अनेक घरांत 'मांस खात नाही' याचा अर्थ 'मांसाचे तुकडे नकोत' एवढाच घेतला जातो. भाजीत डुकराची चरबी, ऑइस्टर सॉस, कोंबडीचं पाणी किंवा चवीपुरता खिमा असू शकतो, आणि त्यात फसवायचा हेतू कुणाचाच नसतो. म्हणून पुढे म्हणा: 'रौ, यू, जीदान, दौ बू छ्र', म्हणजे मांस, मासे, अंडी काहीच खात नाही. चरबी आणि मांसाचं पाणीही चालत नाही, हे चिनी लिपीत लिहून फोनवर दाखवा. अंडी चालत असतील तर आवर्जून सांगा. टोमॅटो-अंड्याची भाजी प्रत्येक घरात होते आणि यजमानांचा जीव भांड्यात पडतो. कांदा-लसूण न खाणाऱ्यांसाठी 'बौद्ध मंदिरासारखं' म्हटलेलं पटकन कळतं, कारण चिनी बौद्ध मठांच्या स्वयंपाकात कांदा, लसूण आणि त्या जातीच्या भाज्या वर्ज्य असतात. कंदमुळं मात्र तिथे चालतात, तेव्हा जैन वाचकांनी ते वेगळं सांगावं.

भेट म्हणून फळांची पेटी, चांगला चहा किंवा सुकामेवा न्यावा. भारतातून आणलेले काजू फार आवडतात. घड्याळ नेऊ नका. 'घड्याळ भेट देणं' हे शब्द 'मरणसमयी सोबत करणं' या शब्दांसारखेच ऐकू येतात. नासपतीही नको, कारण ती वाटून खाणं हे 'ताटातूट' या शब्दासारखं वाटतं. कुठलीच वस्तू चारच्या संख्येत नको. 'चार' आणि 'मृत्यू' यांचे उच्चार जवळचे आहेत. भेट दोन्ही हातांनी द्या. यजमान दोन-तीनदा 'कशाला आणलंत' म्हणतील आणि तुमच्यासमोर उघडणार नाहीत. तीच रीत आहे.

वेळ पाळा. रात्रीचं जेवण सहा-साडेसहाला असतं. आपल्या नऊच्या सवयीने साडेसातला पोहोचलात तर सगळे गार झालेल्या जेवणासमोर बसलेले असतील. दारात बूट काढा, देतील त्या सपाता घाला. मित्राच्या आईला 'आयी' म्हणायचं (मावशी, आपल्या 'आई'च्या इतकं जवळचं की विसरणं अशक्य), वडिलांना 'शूशु', आजोबांना 'येये', आजींना 'नायनाय'. नावाने कुणाही वडीलधाऱ्याला हाक मारू नये.

कुठे बसायचं

बसू नका, बसवतील तिथे बसा. दाराकडे तोंड असलेली जागा मानाची. घरात तिथे सर्वांत वडील माणूस बसतं. औपचारिक जेवणात, उदाहरणार्थ शानतोंग प्रांतात, मुख्य यजमान दाराकडे तोंड करून, त्यांच्या उजवीकडे पहिला पाहुणा, डावीकडे दुसरा, आणि दाराला पाठ करून दुसरा यजमान, जो वाढप्यांकडे लक्ष ठेवतो. मानाच्या जागी बसायला सांगितलं तर एक-दोनदा नको म्हणा, मग बसा. पाच-सहा वेळा नको म्हणत उभं राहिलं तर सगळं टेबल खोळंबतं.

सर्वांत वडील माणसाने चॉपस्टिक्स उचलेपर्यंत आपण हात लावायचा नाही. सगळ्या घरांत हा नियम कडक नसतो, पण पाळलेला कुणाला खुपत नाही.

चॉपस्टिक्स

चिनी जोडी साधारण २५ सेंटिमीटर लांब आणि टोकाला बोथट असते. खालची काडी अंगठ्याच्या बेचक्यात आणि अनामिकेवर टेकवून स्थिर ठेवायची. वरची काडी पेनासारखी धरायची: अंगठा, तर्जनी, मधलं बोट. हलते ती फक्त वरची. वरून एक तृतीयांशावर धरा. फार खाली धरलं तर चिमटा उघडत नाही. दोन्ही टोकं सारखी करून घ्या, नाहीतर घास निसटतो. घरी आठवडाभर आधी फ्लॉवरचे तुरे, मग पनीर, मग शेंगदाणे या क्रमाने सराव केला तर पुरतो. जमलं नाही तर चमचा मागा, त्यात कमीपणा नाही.

भातात काड्या उभ्या खोचून ठेवणं ही सर्वांत मोठी चूक आहे. मृतासमोर उदबत्त्या लावतात तशा त्या दिसतात. आपल्याकडे पिंडाला कावळा शिवतो ते दृश्य कुणी जेवणाच्या ताटात मांडलं तर कसं वाटेल, तेवढं ते अशुभ. काड्या वाडग्यावर वाजवू नयेत (भिकारी तसं करत), माणसाकडे रोखू नयेत, आणि आवडीचा तुकडा शोधत मधलं भांडं उकरू नये. आपल्या बाजूचा, वरचा तुकडा घ्यायचा.

वाडगं उचलून तोंडाजवळ नेणं शिष्टाचाराला धरून आहे. टेबलावरच्या वाडग्यावर वाकून खाणं तिथे बरं दिसत नाही. वाडगं डाव्या हातात धरायचं, अंगठा काठावर आणि बाकी बोटं बुडाखाली. डावा हात जेवणात आणायचा नाही हे आपल्यावर लहानपणापासून बिंबलेलं असतं, त्यामुळे पहिले काही घास अवघड जातात.

उष्टं आणि वाढणं

आता तो नाजूक प्रश्न. तोंडात गेलेल्या काड्या पुन्हा मधल्या भांड्यात जातात का? अनेक घरांत हो, कुटुंबात तर सर्रास. पण 'गोंग-ख्वाय', म्हणजे वाढायच्या वेगळ्या काड्या, आता बऱ्याच टेबलांवर असतात. २०२० मध्ये कोविडच्या साथीनंतर त्यांचा सरकारी पातळीवर मोठा प्रचार झाला. ही चिंता त्याहून जुनी आहे. १९१०–११ मध्ये ईशान्य चीनमधल्या मांचुरियातली फुप्फुसाच्या प्लेगची साथ आटोक्यात आणणारे, आजच्या मलेशियातल्या पेनांगला जन्मलेले डॉक्टर वू ल्येन-द यांनी त्यानंतरच्या काही वर्षांत, एकाच भांड्यातून खाण्याने रोग पसरतो म्हणून टेबलाच्या मधे फिरता तबक आणि प्रत्येक पदार्थाला वेगळा चमचा ही सोय सुचवली होती. फिरता तबक सगळीकडे रुजला. तो साधारणपणे घड्याळाच्या दिशेने, हळू फिरवायचा, आणि कुणी घास उचलत असेल तर थांबायचं.

उष्ट्याची अडचण वाटत असेल तर पहिल्या पाच मिनिटांत स्वतःच गोंग-ख्वाय मागा आणि शेजारच्या आजींना वाढा. 'मला किळस येते' असा सूर न लागता काम होतं, आणि वडीलधाऱ्यांना वाढल्याबद्दल कौतुकही होतं.

कारण वाढणं हेच तिथलं बोलणं आहे. 'ज्या-त्साय' म्हणजे दुसऱ्याच्या वाडग्यात चांगला तुकडा ठेवणं. मुलाला जवळ घेऊन प्रेम बोलून दाखवणारे आई-बाप जुन्या पिढीत कमीच. ते माशाच्या गालाखालचा मऊ तुकडा मुलाच्या वाडग्यात ठेवतात. भांडण झालेल्या भावांत कोण कुणाच्या वाडग्यात आधी काही ठेवतं, यावरून समेट कळतो. तुमच्या वाडग्यात आजींनी काही ठेवलं तर तो मान आहे. चालणारं असेल तर लगेच खा आणि 'हाओ छ्र' (चविष्ट) म्हणा. चालत नसेल तर परत मधे ठेवू नका. वाडग्याच्या कडेला तसंच राहू द्या. वाडगं पूर्ण रिकामं केलं की पुन्हा भरतं, अगदी आपल्या आग्रहासारखं. पोट भरलं की तळाशी घासभर राखून 'छ्र बाओ ल' म्हणा आणि काड्या वाडग्याशेजारी आडव्या ठेवा.

यजमान 'आज काही विशेष केलं नाही' म्हणतील, समोर दहा पदार्थ असतील. त्यावर मान डोलावू नका. एका पदार्थाचं नाव घेऊन तो कसा केला ते विचारा.

चहा आणि दारू

स्वतःच्या कपात ओतण्याआधी इतरांच्या ओता. चहा सात दशांश भरायचा, काठोकाठ नाही, कारण कपाला कान नसतो आणि बोटं भाजतात. दक्षिणेकडच्या क्वांगतोंग प्रांताच्या बाजूला कुणी चहा ओतला की दोन बोटांनी टेबलावर हलकी टकटक करतात. ते 'धन्यवाद' असतं.

दारूत बायच्यौ हा प्रकार बेतशीर घ्या. तो ज्वारीपासूनही गाळतात आणि ५० टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असतो. ग्लास अंगठ्याएवढा दिसतो म्हणून फसू नका. वडीलधाऱ्यांच्या ग्लासाला ग्लास लावताना आपल्या ग्लासाची कड खाली ठेवायची. 'गानबेइ' म्हणजे ग्लास रिकामा करणं. घेत नसाल तर पहिल्याच फेरीला 'ई छा दाय ज्यौ' म्हणा, म्हणजे 'दारूऐवजी चहा', आणि चहाचा कप उचला. दोन फेऱ्या घेऊन तिसऱ्या वेळी नाही म्हटलं तर मग कुणी ऐकत नाही.

वर्षाची शेवटची रात्र

सगळ्या जेवणांत मोठं ते चांद्र वर्षाच्या शेवटच्या रात्रीचं, 'न्येन-ये-फान'. नवं वर्ष २१ जानेवारी ते २० फेब्रुवारीच्या दरम्यान येतं. २०२७ मध्ये ते ६ फेब्रुवारीला आहे, म्हणजे हे जेवण ५ तारखेच्या रात्री. या एका जेवणासाठी कोट्यवधी माणसं शहरांतून गावी जातात. टेबल गोल असतं, कारण 'गोल' आणि 'पुनर्मीलन' हे एकाच शब्दात बांधलेले आहेत. कुणी येऊ शकलं नाही तर काही घरांत त्याच्या जागी वाडगं आणि काड्या मांडतात.

मासा अख्खा येतो. 'मासा' आणि 'शिल्लक' या दोन्हींना 'यू' म्हणतात, म्हणून तो संपवायचा नाही, थोडा दुसऱ्या दिवसासाठी ठेवायचा. त्याचं डोकं मानाच्या पाहुण्याकडे करतात. किनाऱ्यावरच्या घरांत एक बाजू खाऊन झाली तरी मासा उलटत नाहीत. काटा उचलून खालचं मांस घेतात. मासा उलटला की होडी उलटते, ही कोळ्यांची भीती. दक्षिणेत न्येन-गाओ हा चिकट तांदळाचा केक असतो, क्वांगतोंगमध्ये अख्खी कोंबडी हवीच. उत्तरेत मात्र ज्यावझ, म्हणजे मैद्याच्या पारीत सारण भरून पाण्यात उकळलेल्या छोट्या करंज्या, आणि तिथे पाहुण्यालाही कामाला बसवतात.

ज्यावझ करताना

मोदक-करंज्या केलेल्या हातांना हे अवघड नाही. ६५ ते ७० नगांसाठी, म्हणजे चार-पाच माणसांसाठी:

मैदा ५०० ग्रॅम, चिमूटभर मीठ, गार पाणी २४० ते २५० मिली. आपला मैदा पाणी कमी पितो, म्हणून २४० ने सुरू करा. घट्ट मळा, ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवा, पुन्हा मळा.

शाकाहारी सारणासाठी कोबी ५०० ग्रॅम बारीक चिरून त्याला एक चहाचा चमचा मीठ चोळा, १५ मिनिटांनी घट्ट पिळा. त्यात २५० ग्रॅम घट्ट तोफू चुरून, भिजवलेले ८–१० शिताके मशरूम, एक गाजर किसून, भिजवून चिरलेल्या काचेसारख्या शेवया ५० ग्रॅम (कोरड्या वजनाच्या), आलं एक मोठा चमचा. आधी दोन मोठे चमचे तिळाचं तेल घालून कालवा, सोया सॉस आणि मीठ शेवटी. तेलाचा थर बसला की भाजीला पाणी कमी सुटतं. तेल भाजलेल्या तिळाचं, गडद हवं. आपल्या घाण्याच्या तेलाला तो वास नसतो. मांसाहारी घरांत तोफू-मशरूमऐवजी ४०० ग्रॅम डुकराचा खिमा घेतात आणि त्यात ८० मिली पाणी थोडं थोडं घालत एकाच दिशेने ढवळतात, तो चिकट होईपर्यंत. त्याने सारण रसाळ राहतं.

लाटी सुमारे ११ ग्रॅमची. पारी ८ सेंटिमीटरची, कड पातळ आणि मध्य जाड, मोदकासारखीच. डाव्या हाताने पारी फिरवत राहायचं, उजव्या हाताने छोटं लाटणं मध्यापर्यंत नेऊन मागे घ्यायचं. एक जण लाटतो, दोघं-तिघं भरतात. सारण एक भरलेला चहाचा चमचा, त्याहून जास्त नाही. अर्धचंद्र करून आधी मध्य दाबा, मग दोन्ही बाजूंना दोन-तीन चुण्या. घरच्या पिठाला कडेला पाणी लावायची गरज नाही. विकतच्या पाऱ्यांना लागतं.

तीन लिटर पाणी खळखळून उकळलं की २०–२५ नग सोडा आणि लगेच झाऱ्याच्या पाठीने तळापासून हलवा. उकळी वर आली की कपभर गार पाणी. असं तीनदा. तिसऱ्या उकळीला फुगून वर तरंगतात, तेव्हा काढा. सतत जोराच्या उकळीत पारी फाटते आणि आतलं कच्चं राहतं, म्हणून हे गार पाणी.

बिघडतं ते बहुधा तीन ठिकाणी. कडेला सारणाचं तेल लागलं की ती मिटत नाही. मीठ आधी घातलं की सारण पाणावतं आणि पारी खालून विरघळते. आणि तयार नग पीठ न भुरभुरता एकमेकांना चिकटून ठेवले की उचलताना फाटतात. त्या रात्री एखादा भांड्यात फुटलाच तर 'फुटला' म्हणू नका. उत्तरेतले लोक 'जंग-ल' म्हणतात, म्हणजे 'कमावलं'.

एका नगात स्वच्छ उकळलेलं नाणं किंवा हल्ली शेंगदाणा लपवतात. ज्याला मिळेल त्याचं वर्ष भाग्याचं. म्हणून सावकाश चावा. बरोबर काळं व्हिनेगर आणि ठेचलेला लसूण. शेवटी शिजवलेलं पाणीच पेजेसारखं पितात, तेही मागून घ्या. शाकाहारी पाहुण्याने हेही लक्षात ठेवावं, की उत्तरेत थ्येनजिन-पेइचिंगकडे (पेइचिंग म्हणजे बीजिंग) वर्षाच्या पहिल्या दिवशी मुद्दाम शाकाहारी ज्यावझ खाण्याची जुनी रीत आहे. त्या सकाळी तुमच्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही.

निघताना आणि परत बोलावताना

फळांची बशी आली की जेवण संपलं. अर्धा-पाऊण तास बसून निघा. कुणी अजून खात असताना उठावं लागलं तर 'मान मान छ्र' म्हणा, म्हणजे 'सावकाश होऊ द्या'. उरलेलं बांधून दिलं तर घ्या. हॉटेलातही 'दा-बाओ' म्हणून उरलेलं बांधून घेण्यात संकोच नाही. अन्नाची नासाडी रोखण्याचा कायदा तिथे एप्रिल २०२१ मध्ये झाला. हॉटेलात बिल बोलावणाराच देतो. तुम्ही एकदा मनापासून प्रयत्न करा, मग सोडा आणि 'पुढच्या वेळी माझ्याकडे' म्हणा. ते खरं करायचं असतं.

त्यांना आपल्याकडे बोलावलंत तर वेगवेगळी ताटं वाढून देऊ नका. भाज्या, उसळ, कोशिंबीर मोठ्या वाडग्यांत मधे ठेवा, प्रत्येकात डाव ठेवा. गार पाण्याऐवजी कोमट पाणी किंवा साधा चहा द्या. बहुतेकांना जेवताना गार पाणी नको असतं. कच्ची कोशिंबीर उरू शकते, कारण भाज्या शिजवून खायची त्यांना सवय असते. श्रीखंडाची वाटी अर्धीच भरा, त्यांना ते फार गोड लागतं. पुरणपोळी हाताने तोडून दाखवा. आणि पहिला घास घरातल्या आजीला वाढा, पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत.